न सांगता दिलेले औषध

घोडबंदर रस्त्याने कापूरबावडीपासून गायमुखाकडे निघाले की दोन्ही बाजूंना उंच इमारतींच्या मोठमोठ्या जाहिराती दिसतात. त्यांच्या खाली, विजेच्या खांबांवर आणि रिक्षाथांब्यामागच्या भिंतींवर, दुसऱ्या एका जातीच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. हातभर कागद, त्यावर एक मोबाइल क्रमांक आणि ठळक अक्षरांत एक आश्वासन : दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.

मानपाड्याजवळच्या एका शाळेत मी काही काळ विज्ञानाचा जादा वर्ग घेत असे. एके दिवशी आठवीतल्या एका मुलाने असाच एक कागद दप्तरातून काढून माझ्यापुढे ठेवला. ‘सर, हे खरं असतं का?’ असे त्याने विचारले. मी त्याला उलट विचारले, तुला हे कशाला हवे? तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘आईने आणलंय. वरणात घालते.’

‘अंधश्रद्धा आहे, विश्वास ठेवू नकोस,’ असे सांगून विषय संपवता आला असता. पण ते पुरेसे नव्हते आणि पूर्ण खरेही नव्हते. दारूचे व्यसन सुटायला मदत करणारी औषधे खरोखर आहेत. त्यांच्यावर सत्तर-पंचाहत्तर वर्षे संशोधन झाले आहे, आणि त्यातले काही महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. तेव्हा त्या कागदावरचे दावे एकेक करून तपासायला हवेत, आणि हाच न्याय डॉक्टरांच्या संशोधनालाही लावायला हवा. या लेखात तेच करू या.

कागद काय म्हणतो?

अशा कागदांवर साधारणपणे चार दावे असतात. औषध कोणत्याही अन्नात मिसळता येते आणि पिणाऱ्याला कळत नाही. ठरावीक दिवसांत व्यसन कायमचे सुटते. औषधाने कोणताही अपाय होत नाही. आणि यश शंभर टक्के मिळते. औषधाचे नाव, त्यातले घटक व त्यांची मात्रा मात्र कुठेच दिलेली नसते.

आता विज्ञानशिक्षकाच्या नजरेने पाहा. ज्या पदार्थाचे नावच माहीत नाही, त्याची चाचणी कशी घेणार? दावा तपासता येईल अशा रीतीने मांडला नसेल, तर तो खरा की खोटा हा प्रश्न पुढचा, आधी तो वैज्ञानिक दावाच होत नाही. औषधाविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही हे कागद चिकटवले जातात, कारण ते एका खऱ्या गरजेला हात घालतात. घरातला माणूस पितो, उपचाराला यायला नकार देतो, आणि त्याच्या बायकोला दुसरा मार्ग दिसत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे २ कोटी ९० लाख माणसे दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा ३८ जणांमागे एकालाच कोणते तरी उपचार मिळतात, असे त्यात म्हटले आहे. उरलेल्या ३७ घरांकडे तो कागद पोचतो.

व्यसन सोडणे म्हणजे दोन वेगळी कामे

औषधांचा हिशेब मांडण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दारू थांबवणे हे एक काम आहे आणि थांबलेली दारू पुन्हा सुरू न होऊ देणे हे दुसरे. दोन्हींची औषधे वेगळी आहेत.

रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेले असते. दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येतात. काहींना दोन-चार दिवसांनी भास होऊ लागतात, भान हरपते, आणि हा प्रकार जिवावरही बेतू शकतो. ‘मनाचा निग्रह असला की झाले’ असे म्हणत माणसाला खोलीत कोंडून ठेवणारे नातेवाईक त्यामुळे नकळत त्याचा जीव धोक्यात घालतात. या टप्प्यावर डायझेपाम, लोराझेपाम या गटातली औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस देतात आणि मग कमी करत बंद करतात. फिट रोखण्यात ती प्लासीबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा, स्पष्टपणे सरस ठरली आहेत. त्यांच्या जोडीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या पहिल्या कामात औषधांची परिणामकारकता वादातीत आहे.

वाद आहे तो दुसऱ्या कामाविषयी. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने (१९१९) मराठी माणसाला हे दुसरे काम किती अवघड आहे ते दाखवून ठेवलेच आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि तरी पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या काळी त्याला देण्यासारखे औषध नव्हते. ते आले १९४८ साली.

भीतीचे औषध

दहावीच्या मुलांना आपण इथेनॉलचे ऑक्सिडीकरण शिकवतो. शरीरातही तेच होते, पण दोन पायऱ्यांनी. यकृतात अल्कोहोलचे आधी असेटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे असेटेट होते. असेटाल्डिहाइड त्रासदायक आहे, पण एक विकर त्याची लगेच विल्हेवाट लावते. चीन, जपान, कोरिया या देशांतल्या बऱ्याच लोकांमध्ये हे विकर जन्मतःच दुबळे असते. थोडी दारू प्यायली तरी त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते. अशा लोकांमध्ये दारूचे व्यसनही कमी आढळते.

डायसल्फिरामची गोळी हेच विकर बंद पाडते. रबराच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या या जातीच्या रसायनांशी संबंध आला की कामगारांना दारू सोसत नाही, हे एका अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ सालीच नोंदवले होते. पुढे कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक डायसल्फिरामचा जंतांवरचे औषध म्हणून विचार करत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि नंतर दारू घेतल्यावर त्यांना चमत्कारिक त्रास झाला. १९४८ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला आणि व्यसनावरच्या पहिल्या औषधाचा जन्म झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. डायसल्फिराम दारूची इच्छा कमी करत नाही. ‘मी गोळी घेतली आहे, आता प्यायलो तर हाल होतील’ ही जाणीव माणसाला रोखते. म्हणजे औषध पोटात जाते, पण त्याचे काम चालते डोक्यात.

अशा औषधाची चाचणी घेणे मोठे अवघड असते. १९८६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत फुलर आणि सहकाऱ्यांनी ६०५ पुरुषांवर एक काटेकोर चाचणी केली. तीन गट पाडले. पहिल्याला रोज २५० मिलिग्रॅम डायसल्फिराम, दुसऱ्याला फक्त १ मिलिग्रॅम (म्हणजे निरुपयोगी मात्रा), आणि तिसऱ्याला डायसल्फिराम नाहीच, नुसते रायबोफ्लेविन जीवनसत्त्व. पहिल्या दोन गटांना आपण डायसल्फिराम घेत आहोत एवढे ठाऊक होते, मात्रा ठाऊक नव्हती. वर्षभर पूर्णपणे दारूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १९, २२ आणि १६ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हेच. एकच गोष्ट औषधाच्या बाजूची निघाली. जे पुन्हा प्यायले, त्यांपैकी पूर्ण मात्रा घेणाऱ्यांचे पिण्याचे दिवस कमी होते : वर्षात सुमारे ४९, तर इतर दोन गटांत सुमारे ७५ आणि ८६.

यावरून डायसल्फिराम कुचकामी ठरते का? वर्गात हा प्रश्न जरूर विचारा. पहिल्या आणि दुसऱ्या गटाची भीती सारखीच होती. औषधाचा मुख्य गुण भीती हा असेल, तर ती दोन्ही गटांना वाटून दिल्यावर फरक कसा दिसणार? शिवाय बहुतेकांनी गोळी नियमित घेतलीच नाही. गोळी घरी नेऊन स्वतःच्या मनाने घ्यायची होती, आणि पिण्याची इच्छा झालेला माणूस सर्वांत आधी गोळी बंद करतो.

मुंबईतले दोन प्रयोग

या पार्श्वभूमीवर मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ अविनाश डिसूझा आणि अॅलन डिसूझा यांचे दोन अभ्यास वाचण्यासारखे आहेत. पहिला २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दारूवर अवलंबून असलेले १०० पुरुष घेतले, आणि गोळी नियमित घेतली जावी म्हणून लक्ष ठेवील असा घरचा माणूस प्रत्येकाच्या पाठीशी होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला डायसल्फिराम आणि दुसऱ्याला नाल्ट्रेक्सोन दिले. वर्षाअखेर ९७ जण संपर्कात होते. डायसल्फिराम गटातले ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन गटातले ४४ टक्के. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पुन्हा १०० पुरुष होते, मुदत आठ महिने, आणि तुलना अॅकँप्रोसेटशी. निकाल ८८ टक्के विरुद्ध ४६ टक्के असा लागला.

हे आकडे थक्क करणारे आहेत. ८६ मधून ४४ वजा केले तर फरक ४२ उरतो. म्हणजे साधारण अडीच रुग्णांना दुसऱ्याऐवजी हे औषध दिले तर एक जादा माणूस दारूपासून दूर राहतो. वैद्यकात असे यश विरळा. म्हणूनच ते जपून वाचले पाहिजे.

पहिली गोष्ट, ही चाचणी उघड होती. कोणती गोळी चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरांनाही. अशा चाचणीत अपेक्षेचा परिणाम निकालात मिसळतो. पण थोडे थांबा. डायसल्फिरामच्या बाबतीत अपेक्षा हेच औषध आहे. मग या आक्षेपाने निकाल फसवा ठरतो, की औषधाचे काम कसे चालते याचा खुलासा होतो? २०१४ साली बावीस चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेच चित्र दिसले. उघड चाचण्यांमध्ये डायसल्फिराम उपयोगी ठरले, अंध चाचण्यांमध्ये नाही.

दुसरी गोष्ट, घरच्यांची देखरेख दोन्ही गटांना होती. तेव्हा ८६ आणि ४४ यांतला फरक नुसत्या देखरेखीचा नाही. तो देखरेख अधिक धास्ती या जोडीचा आहे. अमेरिकेत गोळी होती, देखरेख नव्हती, तेथे फरक दिसला नाही. मुंबईत दोन्ही होते, तेथे तो ठळकपणे दिसला. अर्थात दोन देश, दोन काळ आणि दोन प्रकारचे रुग्ण यांची अशी तुलना अंदाज बांधायला ठीक, पुरावा म्हणून अपुरी. बिनदेखरेखीचा एक तिसरा गट मुंबईतच असता, तर आपल्याला जास्त ठामपणे बोलता आले असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या अभ्यासांत कोण नव्हते? स्त्रिया नव्हत्या. आणि रोज गोळीकडे लक्ष देणारे घर ज्यांना नाही, असे लोक नव्हते. घोडबंदर रस्त्यावरच्या इमारती बांधणारा मजूर गावी बायको-मुले ठेवून पत्र्याच्या खोलीत चार जणांबरोबर राहतो. त्याला गोळी कोण देणार? ८६ टक्के हा आकडा खरा असला, तरी तो त्याचा आकडा नाही.

इच्छा कमी करणारी औषधे

मग नाल्ट्रेक्सोन आणि अॅकँप्रोसेट टाकाऊ समजायची का? तसे नाही. त्यांची रीत वेगळी आहे. नाल्ट्रेक्सोन मेंदूतले ओपिऑइड ग्राहक अडवते, त्यामुळे प्यायल्यावर मिळणारी मौज ओसरते. मुंबईच्या अभ्यासातही दारूची ओढ नाल्ट्रेक्सोनच्याच गटात कमी होती, हे विसरता कामा नये. अॅकँप्रोसेट दारू सुटल्यानंतरची मेंदूतली अस्वस्थता शमवते असे मानतात. ही औषधे अंध चाचण्यांतून पार पडली आहेत. २०२३ साली अशा शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अॅकँप्रोसेट ११ जणांना दिले, तर प्लासीबोच्या तुलनेत एक जादा माणूस पुन्हा पिण्यापासून वाचतो. रोज ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोनसाठी हा आकडा १८ आहे, आणि बेसुमार पिणे टाळण्यापुरते पाहिले तर ११. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

अकरांमागे एक! जाहिरातीतल्या शंभर टक्क्यांपुढे हे फारच फिके दिसते. पण बाकीचे दहा वाया गेले असा त्याचा अर्थ नाही. त्यांतले काही जण गोळीशिवायही सावरले असते, काही गोळी घेऊनही घसरले. गोळीमुळे जो फरक पडला तो एकाचा. हा हिशेब खरा म्हणूनच लहान आहे.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे. या चाचण्यांत औषधाबरोबर काही ना काही समुपदेशन बहुतेक सगळ्यांनाच मिळत होते. नुसत्या गोळीचा हिशेब कुणी मांडलेला नाही, आणि मांडण्यात फारसा अर्थही नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवले ते हेच, की सुटका माणसांच्या सोबतीने होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या पद्धतीचे उपचार इतर मानसोपचारांच्या तोडीचे, आणि पूर्ण व्यसनमुक्तीच्या बाबतीत काहीसे सरस ठरतात, असे २०२० सालच्या एका मोठ्या आढाव्यात आढळले. मात्र यातून काही जण ‘औषध म्हणजे कुबडी, खरी मुक्ती मनाने’ असा निष्कर्ष काढतात, तो पटण्यासारखा नाही. मधुमेह्याला आहार सांभाळायला सांगताना आपण त्याचे इन्सुलिन काढून घेत नाही.

पुन्हा वरणाकडे

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

वरणात घातलेल्या पुडीत काय होते, हे सांगता येत नाही. समजा ती नुसती वनस्पतीची भुकटी होती, तर पैसे गेले आणि उपचाराचे महिने गेले. समजा तिच्यात डायसल्फिराम होते, तर गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखा पिणार. मग चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे. हृदय कमकुवत असेल तर प्राणाशी गाठ. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असा त्रास होऊ शकतो. बिअर-दारूच कशाला, खोकल्याच्या काही औषधांत आणि द्राक्षासवासारख्या आसवांतही अल्कोहोल असते. सावधगिरीची सूचना ज्याला दिलीच नाही, तो हे कसे टाळणार?

आणि यात एक मोठी विसंगती आहे. डायसल्फिरामचा जो काही गुण सिद्ध झाला आहे, तो माणसाला ठाऊक असण्यावर उभा आहे. न सांगता दिले की गुण नाहीसा होतो आणि अपाय तेवढा शिल्लक राहतो. कागदावर सर्वांत ठळक छापलेले आश्वासनच औषधाला निकामी करणारे आहे. रुग्णाच्या संमतीचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे, पण येथे कायदा आणि औषधशास्त्र वेगळे काही सांगत नाहीत.

मी त्या संध्याकाळी मुलाच्या आईला भेटलो. पुडी बंद करा, पण दारूही एकदम कोंडून बंद करू नका, एवढे आधी सांगितले. ‘त्यांना सांगितलं तर मारतील,’ असे ती म्हणाली. या वाक्यावर माझ्याकडे कोणत्याही चाचणीचा निकाल नव्हता. शाळेच्या समुपदेशक बाई मदतीला आल्या. नवऱ्याशी पहिले बोलणे आईने करायचे नाही, गावाहून त्याच्या थोरल्या भावाला बोलवायचे, असे ठरले. दीड महिन्यानंतर तो भावाबरोबर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेला. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची फुकट मदतही मिळते. पण ‘तिथे वेडे जातात’ या समजुतीने मधला रस्ता फार लांब केला आहे. तो गृहस्थ पुढे एकदा घसरला, पुन्हा गेला. मी तेथे शिकवायला जाणे सोडले तेव्हा त्याचे उपचार चालू होते.

वर्गासाठी

मुलांना त्यांच्या वाटेवरचा असा एखादा कागद उतरवून आणायला सांगा. दारूचाच हवा असे नाही. उंची वाढवणारा, केस उगवणारा, स्मरणशक्ती वाढवणारा, कोणताही चालेल. मग त्याला पाच प्रश्न विचारायला लावा. औषधाचे नाव आणि मात्रा दिली आहे का? तुलना कशाशी केली आहे? किती जणांना दिले, आणि किती दिवस पाहिले? मध्येच सोडून गेलेल्यांना मोजले का? आणि अपाय कोणते सांगितले आहेत?

हेच पाच प्रश्न नंतर मुंबईच्या आणि अमेरिकेच्या चाचण्यांनाही विचारा. तेथे उत्तरे मिळतील, काही समाधानकारक, काही अपुरी. कागदाला विचारले तर एकही मिळणार नाही. फळ्यावर दोन रकाने आखून ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. दारूचा विषय निघाला की एखादे मूल गप्प होते. त्याच्याकडे सर्वांसमोर पाहू नका, तास संपल्यावर दाराशी थोडे रेंगाळा.